टोरगेइरच्या रायफलीचे सुधारक

मी टोरगेइरची रायफल बोलतेय. बोलणं हा माझा स्वभाव नव्हे. वर्षातून पाच-सहा वेळा तोंड उघडते, तेही कुणी बोट लावलं तर. पण अलीकडे माझ्याविषयी इतके लोक इतकं बोलले, की एकदा माझंही ऐकून घ्या.

ज्याला मला सुधारावंसं वाटलं नाही, असा माणूस अजून भेटायचा आहे.

माझा जन्म एका जर्मन कारखान्यातला, एकेचाळीस सालचा. घडवणारे घाईत होते. अंगावरच्या कानशीच्या खुणा त्या घाईच्याच. एक सैनिक मला खांद्यावर टाकून नॉर्वेला घेऊन आला. चार वर्षं त्याने समुद्रकाठी पहारा दिला, त्या काळात एकदाच गोळी झाडली, एका सीगलवर, आणि तीही चुकली. युद्ध संपलं, तो घरी गेला, मी इथेच राहिले. माझ्यासारख्या हजारो होत्या. इथल्या सरकारने आमच्या अंगावरचा जर्मन गरुड घासून काढला आणि आपला शिक्का मारला. ही माझी पहिली सुधारणा. बंदूक पाच मिनिटांत शत्रूची मित्र होते. माणसांना जरा जास्त वेळ लागतो म्हणतात.

अठ्ठावन्न साली टोरगेइरने मला विकत घेतलं. तेवीस वर्षांचा, जंगलात झाडं तोडणारा, हाताने लांब आणि बोलायला आखूड. त्याने माझी नळी बदलून घेतली. एक हिवाळाभर स्वयंपाकघरात बसून आपल्याच बांधावरच्या बर्चच्या झाडाचा दस्ता कोरला. त्याची आई रोज भुसा झाडायची आणि म्हणायची, "नवरीचा पलंग तरी इतक्या मायेने केला असतास!" वसंतात त्याने मला गोठ्यामागे नेलं, गवताच्या गठ्ठ्यावर कागद लावला आणि चाप ओढला. मी मागे उसळले. त्याचा ओठ फाटला.

चूक माझीच होती. मी नवी होते, तो नवा होता. पण त्या दिवसापासून चाप ओढण्याच्या नेमक्या क्षणी टोरगेइर दचकायचा. थोडासाच, पण दर वेळी. गोळी डावीकडे जायची.

दुसऱ्या कुणी दचकणं सोडायचा प्रयत्न केला असता. टोरगेइरने मला सुधारलं. माझ्या नळीच्या टोकावर नेम धरायची एक छोटी उभी पट्टी आहे, तिला माशी म्हणतात. ती डावीकडे सरकवली की गोळी उजवीकडे जाते. त्याने पितळी हातोडी घेतली, माशीवर दोन हलक्या टिचक्या मारल्या आणि तिची जुनी जागा आठवावी म्हणून सुईने एक रेघ ओढली. मग वर पत्र्याचं टोपण बसवलं. आता मी वाकडी, तो वाकडा आणि गोळी सरळ.

"हे आपल्या दोघांत," तो मला म्हणाला. लग्नानंतर बायकोशी तो एवढं मोकळं बोलल्याचं मी ऐकलं नाही.

पुढे वय वाढलं तसं दचकणंही वाढलं. चार-सहा वर्षांनी एखाद्या वसंतात गोठ्यामागे आणखी एक टिचकी, आणखी एक रेघ. मग शिकारीआधीच्या सरकारी परीक्षेला तो निवांत जायचा: शंभर मीटर, पाच गोळ्या, पाचही वर्तुळात. परीक्षा सुरू झाल्यापासून टोरगेइर एकदाही नापास झाला नाही. सगळ्या खोऱ्यात त्याचं नाव झालं. "टोरगेइरची रायफल म्हणजे मोजपट्टी," लोक म्हणायचे. मी भिंतीवर टांगलेली असायचे, आणि कौतुक झालं की मानही खाली घालता येत नाही.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी, एका नोव्हेंबरात, तो लाकडं फोडायला गेला आणि ओंडक्यावर बसला तो बसलाच. कॉफीचा थर्मास अजून गरम होता. एवढंच सांगते.

मी आले नातीकडे. इंगवील, वय पस्तीस, व्यवसायाने दंतवैद्य. लहानपणी ती आजोबांबरोबर दलदलीकाठच्या शिकारीच्या ठिय्यावर तासन् तास गप्प बसायची. शिकारीत मूस, म्हणजे घोड्याहून मोठं सांबर, येईपर्यंत गप्प बसणं हेच मुख्य काम असतं, आणि मूस बहुधा येत नाही. त्या ठिय्यावर टोरगेइर साठ वर्षं बसला. आमच्या शिकारी टोळीचा नियम असा की माणूस गेला तर त्याचा ठिय्या एक हंगाम वारसाची वाट पाहतो. वारस परीक्षा पास झाला तर ठिय्या त्याचा. नाहीतर टोळीतल्या पुढच्याचा. पुढचा होता स्टाइनार.

स्टाइनारविषयी काय सांगू? त्याच्याकडे बंदुकांची इतकी माहितीपत्रकं आहेत, की त्याला शिकारीला जायला वेळ मिळत नाही.

ऑगस्टमधल्या पहिल्या परीक्षेला इंगवील मला घेऊन गेली. टोळीचा म्होरक्या तिचा मामा, हाल्वर, टोरगेइरचा मुलगा. तो हाताची घडी घालून मागे उभा. मामी बोर्गहिल्ड नेहमीप्रमाणे चाचणीच्या मैदानावर वाफल, म्हणजे जाळीदार गोड घावन, भाजत होती. इंगवीलने नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला. अजिबात दचकली नाही. दिवसभर लोकांच्या जबड्यात सुई धरणारी बाई ती, दचकेल कशाला?

पाचही गोळ्या वर्तुळाच्या उजवीकडे लागल्या. बाहेर.

"दचकतेस तू पोरी," हाल्वर म्हणाला.

"नाही दचकले मामा."

"दचकणाऱ्याला कळत नाही आपण दचकतो ते. बाबा कधी दचकले नाहीत. साठ वर्षं हीच बंदूक, हीच माशी."

स्टाइनारने माझी नळी हातात घेऊन डॉक्टरसारखं आत पाहिलं. "माणसाचा दोष नाही हो. हिचंच आयुष्य संपलंय. दुर्बीण बसवा. दस्ता प्लास्टिकचा घ्या, बर्च पावसात फुगतो. चाप बदला. आणि नळीचं टोक चार बोटं कापून सायलेन्सर लावा. सगळं करून घेतलं की बघा."

"मग जुनं काय उरलं?" इंगवीलने विचारलं.

"पट्टा ठेवता येईल."

तेवढ्यात मामी वाफलची थाळी घेऊन आली आणि लक्ष्याचा कागद पाहून म्हणाली, "अगं, पाचही एका ताटात पडल्यात की! ताट तेवढं शेजारच्याचं आहे."

कुणी लक्ष दिलं नाही. जिला नेमातलं कळतं तिने वाफल भाजायचे आणि ज्यांना कळत नाही त्यांनी हाताची घडी घालायची, अशी आमच्याकडे कामाची वाटणी आहे. इंगवीलने मात्र विचारलं, "मामा, माशी जरा सरकवून बघायची का?"

हाल्वरचा चेहरा असा झाला, की जणू तिने देवळातली घंटा वितळवायला मागितली. "बाबांनी बसवलेल्या माशीला हात नाही लावायचा."

दस्ता फेका, चाप फेका, नळी कापा. फक्त जी एकच गोष्ट वाकडी आहे तिला हात लावू नका, कारण ती बाबांची. माणसं वडिलांचा मान असा ठेवतात.

पुढच्या शनिवारी दुसऱ्या परीक्षेतही तेच झालं. आता एकच परीक्षा उरली होती. त्या आठवड्यात घरी मला जेवणाच्या टेबलावर आडवं ठेवून तिघांची बैठक भरली. मी आयुष्यात मूस सोलताना पाहिलेत, तशीच मी तिथे होते. हाल्वर दुर्बीण हवी म्हणे. स्टाइनारला दस्त्याचा रंग ठरवायचा होता. दस्त्यावर आजोबांचा गाल टेकून टेकून जो खळगा झाला होता, त्यावरून इंगवील अंगठा फिरवत होती. शेवटी म्हणाली, "ठीक आहे. कापू."

गुरुवारची वेळ ठरली. बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने खडूने माझ्या नळीवर रेघ मारून दिली होती. माशी, टोपण, साठ वर्षांचं गुपित, सगळं खडूच्या पलीकडे.

बुधवारी दुपारी दवाखाना लवकर बंद करून इंगवील घरी आली. कापलेलं टोक तिला आठवण म्हणून जवळ ठेवायचं होतं. ठेवायचं तर स्वच्छ करून ठेवावं, दंतवैद्यच ती! तिने टोपण काढलं, भिंग डोळ्याला लावलं आणि दात साफ करायच्या बारीक ब्रशाने माशीच्या पायथ्याची काजळी झाडायला लागली. मला गुदगुल्या होत असत्या, तर तेव्हा झाल्या असत्या.

काजळीखालून एक रेघ निघाली. मग दुसरी. अकरा निघाल्या. उजवीकडून डावीकडे, एकीला लागून एक, सुईने ओढलेल्या. शेवटच्या काही थरथरत्या.

तिने मामा-मामीला फोन केला. दोघं आले, भिंगातून पाहिलं.

"हे काय आहे?" हाल्वर म्हणाला.

"आजोबा माशी डावीकडे सरकवत होते. अकरा वेळा. म्हणजे त्यांची गोळी डावीकडे जात होती."

"बाबांची गोळी? शक्यच नाही. ते दचकायचे असं म्हणायचंय तुला?"

मामीने कॉफीचा कप खाली ठेवला. "हाल्वर, नववर्षाचे फटाके वाजायला लागले की बाबा कुठे असायचे?"

"गोठ्यात. गायी घाबरतात म्हणून."

"गायी ब्याण्णव साली विकल्या."

हाल्वरने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि रेघा मोजल्या. अकराच होत्या. मग तो भिंग न काढताच बसून राहिला. कदाचित डोळा झाकायला ते बरं पडत असावं.

"मला कधी बोलले नाहीत," तो म्हणाला.

"कुणालाच नाही बोलले," मामी म्हणाली.

चूक. मला बोलले होते. पण मी तोंड उघडलं असतं तर टेबलावरच्या कपांचं काही खरं नव्हतं.

इंगवीलने आजोबांच्या खणातून पितळी हातोडी आणली. हाल्वर सवयीने म्हणाला, "बाबांनी जसं ठेवलंय तसं…"

"मामा, उद्या आपण नळी कापायला निघालो होतो."

"हो," तो म्हणाला. "ते खरंय." आणि त्याने मला घट्ट धरून ठेवलं, टिचकी मारताना मी हलू नये म्हणून. त्याचे हात टोरगेइरसारखेच लांब आहेत. हे माझ्या आजवर लक्षात आलं नव्हतं, कारण त्याने मला कधी हातच लावला नव्हता.

माशी दहा रेघा ओलांडून सर्वांत उजवीकडच्या पहिल्या रेघेवर आली. एक एक टिचकी आणि पाच-सहा वर्षं मागे. टिचक्या संपल्या तेव्हा मी अठ्ठावन्न सालची होते. सरळ, आणि त्याच्यावाचून. मला ते फारसं आवडलं नाही. पण सुधारणा आवडावी अशी अपेक्षा कुणी रायफलीकडून करत नाही.

कारागिराला फोन करून गुरुवारची वेळ रद्द केली. शनिवारी शेवटची परीक्षा होती. पाच गोळ्या, पाचही वर्तुळात, एका ताटात, आणि ताट आपलंच. मामीने जास्तीचा एक वाफल इंगवीलच्या हातावर ठेवला, वर तपकिरी चीजचा जाड काप. आणि पुढचा भाजायला वळली.

बोलला तो स्टाइनार. "बघितलंत? मी म्हणत होतो ना! टोरगेइरची रायफल म्हणजे मोजपट्टी."

हाल्वरने त्याच्याकडे पाहिलं, इंगवीलकडे पाहिलं. "हो," म्हणाला, "बाबांचा हात कधी हलला नाही." आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती.

ठिय्या तिला मिळाला. त्या शरदात दलदलीकाठी ती आजोबांच्याच जागेवर बसली, मला मांडीवर घेऊन. तिसऱ्या दिवशी धुक्यातून एक मोठा नर मूस बाहेर आला. तिने नेम धरला. मी उसळले, जशी नेहमी उसळते. मूस चार पावलं चालला आणि गुडघ्यांवर बसला. इंगवील बराच वेळ तशीच राहिली. मग खांदा चोळत उठली.

त्यालाही आता तीन वर्षं झाली. स्टाइनार अजून माहितीपत्रकं पाठवतो, इंगवील ती चुलीत घालते. मी आहे तशी आहे. नळी पूर्ण, दस्ता बर्चचा, पावसात थोडा फुगणारा. खळग्यात आता दोन गाल बसलेत. कुणी मला सुधारायला येणार असाल तर कृपा करा, आधी स्वतः एकदा चाप ओढून बघा. बाकी माझी तक्रार नाही.

फक्त एक सांगायचं राहिलं. यंदाच्या वसंतात परीक्षेच्या खूप आधी, बर्फ नुकतं वितळलेलं असताना, इंगवील मला गोठ्यामागे घेऊन गेली. गवताच्या गठ्ठ्यावर कागद लावला. पाच गोळ्या झाडल्या. कागदापाशी जाऊन वाकून पाहिलं, आणि गठ्ठ्याला टेकून हसत बसली. हसता हसता डोळे पुसले.

गोळ्या डावीकडे गेल्या होत्या. थोड्याशाच.

तिने खिशातून पितळी हातोडी काढली. बरोबरच आणली होती. एकच टिचकी मारली, डावीकडे, आजोबांच्या दिशेने. सुईने एक रेघ ओढली. टोपण बसवून त्यावर अंगठा दाबला.

"हे आपल्या दोघींत," ती म्हणाली.