गुरुवारची खुर्ची

चांगली बातमी माझ्या पोटात राहत नाही. स्टुटगार्टच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तूरडाळीचा सेल लागला तरी पहिली बोंब माझीच असते. इतक्या वर्षांत या सवयीनं माझं काही वाईट केलं नव्हतं.

आमच्या ह्यांचा, पंढरीनाथांचा, उजवा पाय पक्षाघातानं गेला. विम्यानं हातानं ढकलायची चाकांची खुर्ची दिली. आमची गल्ली म्हणजे उभी चढण आणि मी सदुसष्टची. उतारावर खुर्ची मला ओढून नेते, चढावर मी मधेच बसकण मारते. पाच महिने हे खिडकीत बसून कोपऱ्यावरच्या बेकरीकडे बघत होते.

सोमवारी एका ऑनलाइन दुकानात विजेवर चालणारी खुर्ची दिसली. एरवी २४९० युरो, आमच्या पेन्शनीत न बसणारी. त्या दिवशी २४९. किंमत चुकलीय हे मला कळलं नाही असं नाही. मागवली. 'ऑर्डर स्वीकारली, गुरुवारी पोचेल' अशी मेलही आली. मी ह्यांना म्हटलं, "अहो, गुरुवारी बेकरीत जायचं." आणि ग्रुपवर टाकलं: 'बावळटांनी एक शून्य खाल्लंय! दुरुस्त करायच्या आत उचला.'

तीस जणांनी खुर्च्या मागवल्या. धडधाकट पायांचे तीस जण! बुधवारी सगळ्यांच्या ऑर्डरी रद्द. किमतीत चूक झाली, क्षमस्व.

गुरुवारी सकाळी ह्यांनी बूट मागितले. मला सांगवेना. "पुढच्या गुरुवारी येतेय," म्हटलं. असे तीन गुरुवार गेले.

शेवटी ग्राहक सल्ला केंद्र गाठलं. तिथल्या बाईंनी मेल वाचली. "आल्झो, तर मग, त्यांनी ऑर्डर स्वीकारलीय, म्हणजे करार झाला. चूक झाली म्हणून तो मोडता येतो, पण ती चूक त्यांनी सिद्ध करायला हवी. तुम्हाला हा सेलच वाटला होता ना?"

"गेनाऊ," मी म्हटलं. अगदी तसंच. खोटं बोलायला परकी भाषा बरी पडते. बाईंनी दुकानाला कडक पत्र लिहिलं.

आठवड्यानं उत्तर आलं. सोबत ग्रुपवरचा माझाच मेसेज, माझ्या नावानिशी, जर्मन भाषांतरासकट. मंडळाच्या सुमितनं तो दुकानाकडे केलेल्या स्वतःच्या तक्रारीला जोडला होता.

"काकू, मला काय माहीत हो," तो फोनवर म्हणाला. "त्या दिवशी प्राइस तीच होती, याचा प्रूफ म्हणून स्क्रीनशॉट दिला."

त्याला काय बोलणार? बोंब मीच मारली होती. बाईंनी फाइल मिटली. चूक ठाऊक असताना मागवलंत, म्हणाल्या, आता हट्ट धरता येणार नाही.

घरी आले तेव्हा हे बूट घालून खिडकीत बसले होते. गुरुवार होता. मी कोटही न काढता सगळं सांगून टाकलं.

हे बेकरीकडे बघतच म्हणाले, "म्हणजे चूक आहे हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

"मग मला गुरुवार कशाला सांगितलास, नंदा?"

दुकानावर चिडता आलं होतं, सुमितवर आलं होतं. आता चिडायला मीच उरले होते. मला रडू फुटलं. मी खाली बसले आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. सकाळी मीच बांधल्या होत्या, डबल गाठ मारून.