निसरडी कुस्ती

पंचाक्षरी सरांनी आठवीच्या वर्गाला प्रकल्प दिला होता : आपल्या भागात खेळात झालेली एक जुनी लबाडी शोधा. अट एवढीच, की जाणत्या माणसांना विचारायचं आणि त्यांत एक तरी असं हवं, ज्याला आजवर कुणीच विचारलेलं नाही.

तेजश्रीला विषय घरातच सापडला. एकेचाळीस वर्षांपूर्वी नांदूरघाटच्या जत्रेत तिच्या आजोबांची, धोंडीराम पहिलवानांची, धारूरच्या योगीराजशी कुस्ती लागली होती. योगीराजच्या अंगाला तेल निघालं. पंचांनी त्याला आखाड्याबाहेर काढलं आणि गदा आजोबांना दिली. शनिवारी हे वर्गात वाचायचं म्हणून तेजश्री आधीच ऐटीत होती.

"म्या त्याच्या अंगाला माती लावली, तर मातीचं गोळं होऊन खाली पडाया लागलं," आजोबा म्हणाले. "धरावं तर सटकायचा."

तेव्हाचे पंच सटवाबापूही तेच म्हणाले. "सवता हात फिरवून बघितला, पोरी. तेलच. लई लबाड."

आता न विचारलेलं माणूस राहिलं. तेजश्री वही घेऊन चुलीपाशी बसली. आजी, तुळजाबाई, भाकरी थापत होती.

"आज्जे, तू बघितलतीस का ती कुस्ती?"

"आमी बाया कुठल्या जातोत आखाड्यात? पन योगीराज उतरलता आपल्याच घरी. पाहुना पहिलवान गावच्या पहिलवानाकडंच उतरायचा, तशी रीतच व्हती. तुजे आजोबा पहाटंच तालमीत गेलते."

"मग?"

"मग काय, थंडीचे दिस. बिचाऱ्याचं अंग निसतं उललेलं. आंघुळीच्या शेवटच्या घागरीत म्या वाटीभर करडीचं तेल वतलं. पाहुन्याची आबाळ नको."

तेजश्रीचा पेन थांबला. "हे कुनाला कावून न्हाई सांगितलं?"

"कुनी इचारलं? लबाडी केली, एवढंच कानावर आलं. मला वाटलं, डोळ्यात माती-बिती टाकली आसंल."

हे लिहिलं तर आजोबांची जीत जाते. न लिहिलं तर योगीराज जन्मभर लबाडच राहतो. जेवताना तिनं धीर करून सगळं सांगून टाकलं.

आजोबांचा घास हातातच राहिला. ते आजीकडे वळले. "म्हंजी मला तू जिंकिवलं व्हय?"

"मला काय ठावं, तुमी तेलावर जिंकताव ते," आजी म्हणाली.

आजोबांनी हात धुतला आणि मोबाइल तेजश्रीपुढे सरकवला. "धारूरला लाव. आन लिव्ह सगळं. त्याच्या नावावरचा डाग पुसला पायजे."

सगळं ऐकून योगीराज फोनवर म्हणाला, "धोंड्या, मला वाटायचं पंच तूच फितवलेस बे."

"आन मी तुला लबाड म्हनीत बसलो."

शनिवारी दोघे म्हातारे वर्गात पुढच्या बाकावर दाटीवाटीनं बसले. तेजश्रीनं वाचलं. योगीराजनं आजीचा भाग पुन्हा वाचायला लावला आणि उपरण्यानं डोळे टिपले.

"मग निकाल काय लिहिलास?" सरांनी विचारलं.

"कुस्ती झालीच न्हाई, असं लिहिलंय, सर."

"बराबर हाय," आजोबा म्हणाले. "झाली असती तर मीच जिंकलो असतो."

"तू? ढाक मारली असती की उताना पडला असतास."

"मला? मार बरं ढाक."

सरांनी घाईनं दोघांच्या मधे खुर्ची टाकली.