वाचू द्या, लिहू देऊ नका

आमच्या टीममध्ये एकाला सगळे कात्री म्हणतात. जुनं दिसलं की कापायचं, असा त्याचा खाक्या. डिस्कवर दोन फाइलींचा सारखा भाग एकदाच साठवायची नवी सोय आम्ही करत होतो. जागा वाचते, पण जुन्या यंत्रांना ही भागीदारी कळत नाही. ती एक फाइल पुसतात आणि दुसरीही जाते.

"जुन्यांना डिस्क उघडूच द्यायची नाही. विषय संपला," कात्री म्हणाला.

"वाचू दे. लिहू नको देऊ," मी म्हणालो.

"सासूबाईंच्या डब्यासाठी का?"

"हो."

बायको गेल्यापासून माझ्याशी कोणी फारसा वाद घालत नाही.

सासूबाई वृद्धाश्रमात असतात. त्यांना दिसत नाही. उशाशी आश्रमाच्या डिस्कला जोडलेला तो बोलक्या निरोपांचा डबा. ही, माझी बायको, त्यावर निरोप ठेवायची, त्या ऐकून उत्तर बोलायच्या. डबा बनवणारी कंपनी कधीच बुडाली, त्याला आता नवं काही शिकवता येत नाही. ही गेल्यावरही त्या तिचा एखादा निरोप लावून उत्तर देत. "मेली आहे, बहिरी नाही झाली," असं त्यांनी मला सुनावलं होतं.

डबा प्रत्येक उत्तराला मूळ निरोपाची प्रत जोडतो. जागा भरली की जुनी उत्तरं पुसतो. नव्या पद्धतीत त्या प्रतीबरोबर हिचा मूळ आवाजही गेला असता. म्हणून मी डब्याचं डिस्कवर लिहिणं-पुसणं बंद केलं.

आश्रमाची डिस्क नव्या पद्धतीवर गेली, त्या आठवड्यात मी भेटायला गेलो. सासूबाईंनी बटण दाबलं. "आई, गोळी घेतलीस का?" हिचा आवाज. त्यांनी दुसरं बटण दाबलं. डबा नुसता किरकिरला.

"जावईबापू, हा माझं घेत नाही."

"आता फक्त ऐकता येईल, आई. नाहीतर तिचा आवाज पुसला जाईल."

"कोणी ठरवलं?"

"मी."

त्यांनी ते बटण पुन्हा दाबलं. पुन्हा किरकिर.

"ती विचारतेय आणि मी तोंड शिवून बसू?"

"मला सांगा ना, आई."

"तुम्हाला सांगून काय होणार? तुम्हीही माझ्यासारखेच नुसते ऐकणारे."

मी डबा उशाशी सरळ करून ठेवला.

"काढून न्या तो," त्या म्हणाल्या. "उत्तर देता येत नसेल, तर तिने विचारूही नये."

मी तार काढली. डिस्कवर हिचा एकूण एक निरोप शाबूत होता.