प्रयागबाईचं कुंकू

मागच्या मंगळवारी सुधाकररावांनी माझ्या ज्या कागदाचं कौतुक केलं, तोच या मंगळवारी मी त्यांच्यासमोर फाडला. ते आमच्या आदिलाबादच्या समुपदेशन केंद्रातले वरिष्ठ मानसोपचारतज्ज्ञ. पेशंटला काय होतंय, कशामुळे होतंय आणि ते सुटत का नाही, हे एका पानावर मांडून त्यांच्यापुढे वाचायचं, मग ते सही करणार. अशा सह्या पुरेशा झाल्या की ही दामिनी एकटीने पेशंट बघायला मोकळी.

कागद होता प्रयागबाईचा. ती गुडीहत्नूरच्या बाजारात भाजी विकते. नवरा जाऊन चार महिने झाले तरी कुंकू लावून बसते, म्हणून दीर उत्तमराव तिला घेऊन आले. वहिनीचं डोकं फिरलंय असा कागद त्यांना हवा होता, म्हणजे तिला घरात बसवता येईल. मी कारण लिहिलं होतं: नवऱ्याचा मृत्यू स्वीकारलेला नाही.

लिहिलं, पण विचारलं नव्हतं. आमच्यात विधवेला कुंकवाबद्दल विचारत नाहीत, मान खाली घालतात. मीही घातली आणि रकाना मनानेच भरून टाकला. एवढं शिकून शेवटी अक्कल गहाणच! लाज वाटली, म्हणून काल तिला बोलावून सरळ विचारलं.

“तो मेला, मले माहीत हाय,” प्रयागबाई म्हणाली. “शेवटचं पानी म्याच पाजलं त्याले. पन कुंकू मी लहानपनापासून लावून राह्यली. ते काऊन पुसू?”

आज जुना कागद फाडून हे सांगितलं, तर सुधाकररावांना पटेना. समाजाचं भान सुटणं हेही लक्षणच, म्हणाले. गोळ्या सुरू करू, काही दिवस घरी राहू दे. माझं डोकं तापलं. पहाटे उठून मेथीच्या जुड्या बांधते, गिऱ्हाइकाशी तेलुगूत घासाघीस करते, नवऱ्याची आठवण आली की रडते, त्या बाईला आणखी कसलं भान हवं?

“मग त्रासाच्या रकान्यात काय लिहिणार?” त्यांनी विचारलं.

“सर, बाई नीट जेवते, नीट झोपते. झोप नाही, भूक नाही, हे दीर स्वतःबद्दल सांगतो. त्रास त्याला आहे.”

मग सही मिळणार नाही, म्हणाले. नका करू, म्हटलं, आणि मी उठले.

बाहेर उत्तमराव कागदासाठी थांबलेच होते. मी नवा दिला. त्यावर पुढच्या मंगळवारी सकाळी अकराची वेळ, आणि पेशंट म्हणून नाव त्यांचं.