अंगातली रग

शिंप्याच्या बायकोचं तोंड एका सकाळी वाकडं झालं. चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळलं आणि डावा डोळा काही केल्या मिटेना. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, अर्धांगवायू नाही. चेहऱ्याची नर्व्ह सुजलीय. सावकाश उतरेल."

ती शाळेत इंग्रजी शिकवायची. आता 'प' म्हणायला जावं तर ओठातून नुसती हवा. हेडबाईंचा निरोप आला, तोंड सरळ होईपर्यंत वाचनालय सांभाळा. शिंप्यालाही ते पटलं.

"अगं, पोरं म्हणजे वांड जात. हसतील."

"हसू देत. मी अर्धंच हसते, उरलेलं त्यांनी हसावं."

त्यानं तोंड झाकायला मऊ रुमाल शिवून दिला आणि तिला सोडायला गेला. फाटकातच तिनं रुमाल सोडून त्याच्या खिशात कोंबला आणि वाचनालय ओलांडून तरातरा थेट वर्गावर गेली. त्याचा पाय मात्र दुकानाकडे वळेना. तो व्हरांड्यात, तिच्या वर्गाच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला.

पोरं चोरून तिच्या तोंडाकडे बघत होती. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमचं तोंड असं का झालं?" कुणीतरी फिसकन हसलं. शिंप्याची कानशिलं तापली.

तिनं फळ्यावर एकच शब्द लिहिला. नर्व्ह.

"हिच्यामुळे," ती म्हणाली. ओठाचा कोपरा बोटानं वर धरून ती बोलत होती, थांबत, पण एकही अक्षर न गाळता. "याचा मूळ लॅटिन शब्द म्हणजे हाडाला स्नायू बांधणारा चिवट दोर. धनुष्याची दोरीसुद्धा. पुढे मेंदूचे निरोप नेणाऱ्या तंतूंना तेच नाव पडलं. आणि ज्याचे दोर घट्ट, तो हिंमतवान. म्हणून नर्व्ह म्हणजे धाडसही. 'नर्व्हस'चा अर्थ तर एके काळी होता, पिळदार, बळकट!"

"मग त्याचा अर्थ घाबरट कसा झाला?" एका पोरानं विचारलं.

"नसांच्या दुखण्याला तो शब्द जडला आणि त्यातलं बळ गेलं. आपल्याकडे आहे का असा शब्द? शीरही तोच, जोरही तोच?"

मघाचीच मुलगी उठली. "रग! आई म्हणते, फार रग आहे तुझ्या अंगात, एक दिवस जिरवते."

वर्ग खदखदला.

"शाब्बास! रग म्हणजे फारसीत शीर, आपल्याकडे जोर आणि मस्तीही. इंग्रजीतही आगाऊपणाला नर्व्हच म्हणतात. बाईंना तोंडावर तोंडाबद्दल विचारायला लागते ना, ती."

मुलगी लाल झाली. "सॉरी, बाई."

"सॉरी कसलं? तू विचारलंस तरी. बाकीचे नुसते चोरून बघत होते."

शिंप्याची छाती फुगली. इतकी वर्षं संसार केला, पण ही वर्गात अशी उभी राहते, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तेवढ्यात शिपायानं हटकलं, "ओ, कोण तुम्ही?"

"बाईंचा नवरा!" आवाज जरा जास्तच चढला. सगळा वर्ग खिडकीकडे वळला.

"अहो, दुकान नाही का उघडायचं?" आतून ती म्हणाली.

"उघडतो की," तो म्हणाला, आणि तास संपेपर्यंत तिथून हलला नाही.