रनाळ्याची शिगेची पायली

मित्रांनो, मी एक जुनी पायली आहे. धान्य मोजायची, सागाच्या बुंध्यातून कोरलेली, काठाला लोखंडी कडं असलेली. रनाळ्याच्या शाळेत, खिडकीजवळच्या फळीवर माझं बस्तान आहे. गुरुजी कधी कधी मापांचा धडा शिकवताना मला खाली घेतात आणि दर वेळी उत्तर चुकतं. पुस्तकात चार शेरांची पायली असते. माझ्यात चार शेर ओतले तरी वर जागा उरते. मुलं हसतात, गुरुजी मला पुन्हा फळीवर ठेवतात. ती जागा कुठून आली, तीच माझी गोष्ट.

माझा जन्म १९०८ सालचा. त्या वर्षीच्या मार्गशीर्षात रनाळ्याच्या जमनाबाई सारंगखेड्याच्या यात्रेला गेल्या होत्या. तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. धडगावच्या डोंगरातली माणसं डिंक, मध आणि टोपल्या विकायला दोन-दोन दिवस पायी चालून येत. जाताना त्यांच्या गाठोड्यात परतीच्या वाटेपुरतीही भाकरी नसे. जमनाबाईंनी हे पाहिलं आणि घरी येऊन सुनेला, धनुबाईला, सांगितलं की पुढच्या यात्रेपासून आपण तिथे सदावर्त चालवायचं. परत निघालेल्या प्रत्येक डोंगरी कुटुंबाला एक पायली धान्य द्यायचं. धान्य आणायचं गावच्या खळ्यांवरून, दर खळ्याला एक पायली. त्यासाठी माप वेगळं हवं. ते बाजारात जाणार नाही, त्याने विक्री होणार नाही.

मला घडवलं भिला सुतारानं. त्यानं मला आतून कोरलं आणि माझा काठ मुद्दाम उंच ठेवला. मग जमनाबाईंच्या घरची पायली मागून आणली. बेत साधा होता. त्या पायलीभर बाजरी माझ्यात ओतायची, बाजरी जिथे थांबेल तिथे खूण करायची आणि वरचा काठ करवतीनं उतरवायचा. बाजरी भरायला बसली त्याची बायको गुलाबबाई.

आमच्या भागात बाजाराचं माप सपाट असतं. भरलं की दुकानदार काठावरून हात फिरवतो. धर्माचं माप मात्र शिगेचं. काठाच्या वर धान्याचा डोंगर उभा करायचा, दाणे ओघळायला लागले की थांबायचं. त्या उंचवट्याला शीग म्हणतात. गुलाबबाईला माहीत होतं की हे काम धर्माचं आहे. तिच्या हातांनी आपोआप शीग लावली. भिलाचं लक्ष करवतीला धार लावण्यात होतं. शिगेसकट बाजरी माझ्यात पडली, खूण झाली, काठ उतरला. अशी मी जन्मतःच पाऊण शेरानं मोठी झाले. दुसऱ्यांच्या डोक्यावर उभी राहणारी शीग माझ्या पोटातच होती. आणि खळ्यावर लोक मला भरून वर आणखी एक शीग लावत.

पहिल्या वर्षी एकेचाळीस खळ्यांनी धान्य दिलं. कोणी नाव सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. बैलगाडीत पोती, पोत्यांवर मी, आणि समोर तापीचं पात्र. गाडी पाण्यात उतरली की बैलांच्या पोटाला थंड पाणी लागे आणि ते कान झटकत. पलीकडच्या काठावर घोड्यांचं खिंकाळणं ऐकू आलं की मला माहेरी आल्यासारखं वाटे. यात्रेचे दिवस मी असंख्य वेळा भरे आणि रिकामी होई. मित्रांनो, मापाला याहून मोठं सुख नाही.

१९१८ साली तापाची साथ आली आणि पाऊसही रुसला. तेव्हा एकोणीसच खळ्यांनी दिलं, पण त्यातल्या सात जणांनी दोनदा दिलं. दोन वर्षांनी जमनाबाई गेल्या आणि मी धनुबाईच्या हाती आले. हळूहळू आकडा चढत एकशे बारा खळ्यांपर्यंत पोचला. मग काळ बदलला. कापसाला भाव आला, व्यापारी पोत्यांनी धान्य देऊ लागले आणि यात्रेत दवंडी पिटून त्यांची नावं पुकारली जाऊ लागली. अमक्या शेटची दहा पोती, तमक्या शेटची पंधरा. पोत्यांमुळे धान्य वाढलं, पण एक पायली देणारा शेतकरी मागे सरकला. माझं ते काय पुकारतील, असं म्हणून तो खळ्यावरच थांबे. तीन वर्षांत खळी एकशे बारावरून सदुसष्टवर आली. धनुबाईनं हे पाहिलं आणि दवंडीवाल्याला बोलावून सांगितलं, "आते कोनंच नाव नको. फकत गावनं नाव सांग." दोन शेट रुसले. खळी मात्र परत आली.

धनुबाई कमी बोलत असे. पण मला खोबरेल तेल लावताना माझ्या कड्यावरून तिचा अंगठा असा फिरे, जणू ती लेकराचा कान पुसते आहे.

१९३६ साली सगळ्यात मोठा बदल झाला. मुंबईच्या एका गिरणीमालकाच्या नावानं धर्मादाय संस्था निघाली होती. एकट्या माणसाच्या मर्जीवर नव्हे, तर ठरलेल्या नियमांनी दरवर्षी दान करायचं, असा तिचा शिरस्ता. हे मला चांगलं वाटलं. माणूस मरतो, नियम टिकतो. त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता आणि बाजरी निम्मीच झाली होती. गावाचं धान्य यात्रेला पुरणार नव्हतं, म्हणून धनुबाईनं संस्थेकडे मदत मागितली. संस्थेनं कळवलं की जितकं गाव देईल तितकंच आम्हीही देऊ, फक्त आमचा माणूस येऊन माप तपासेल.

तो माणूस म्हणजे हिंमतराव. काळी टोपी, खिशात घड्याळ, आणि पिशवीत सरकारी शिक्क्याची लोखंडी पायली. त्याच सुमारास मापांवर शिक्के मारायचा कायदा आला होता. यात्रेला सहा दिवस राहिले असताना तो धनुबाईच्या ओट्यावर बसला. त्यानं लोखंडी पायली बाजरीनं भरली, वरून पट्टी फिरवली आणि ती माझ्यात ओतली. माझा काठ भरला नाही. त्यानं पुन्हा ओतून पाहिलं. मग शेरानं मोजलं.

"बाई," तो म्हणाला, "हे माप पाऊण शेरानं मोठं आहे."

धनुबाईनं स्वतः मोजून पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"मी तुमच्यावर आळ घेत नाही," हिंमतराव म्हणाला. "पण तुम्ही गावाकडून पायली म्हणून मागता आणि जास्त घेता. मला हे मुंबईला कळवावं लागेल. असल्या मापाशेजारी संस्था आपलं नाव लावणार नाही."

"माले एक दिन द्या," धनुबाई म्हणाली. "पहिले मी गावले सांगसू. मंग तुमी मुंबईले सांगा."

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला तोंड हवं होतं. अठ्ठावीस वर्षं मला सगळं ठाऊक होतं. आता संस्थेनं हात काढला तर निम्मं सदावर्त बुडणार होतं, आणि गावाला फसवल्यासारखं वाटलं तर उरलेलं निम्मंही. डोंगरातली माणसं तर घरून निघण्याच्या तयारीत असतील. आणि जमनाबाईंनी कमावून सुनेच्या हाती सोपवलेलं नाव, त्याचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी धनुबाई मला कडेवर घेऊन चुडामणच्या खळ्यावर गेली. चुडामण गावचा जुना शेतकरी, तोंडानं फटकळ. त्याच्या खळ्यावर उफणणी चालली होती. बातमी आधीच पसरली असावी, कारण आजूबाजूच्या खळ्यांवरचे लोकही जमले. भिला सुतार काठी टेकत आला, मागून गुलाबबाई आली. हिंमतराव बाभळीखाली उभा राहिला.

धनुबाईनं मला बाजरीच्या राशीवर पालथं घातलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"चुडामणदादा, हाई माप सरकारी मापथीन पाऊण शेर मोठं शे. अठ्ठावीस वरीस आम्ही तुमनापाईन जास्ती लिधं. माले माहीत नव्हतं. पन लिधं ते लिधं. आते तुमी सांगशात तसं करसू."

चुडामणनं सूप खाली ठेवलं, मला उचललं आणि आत डोकावून पाहिलं.

"वहिनी," तो म्हणाला, "माले अठ्ठावीस वरीसथीन माहीत शे."

"काय?"

"पहिलाच साल घर जाईसन मोजं व्हतं. मन्ही पायली नि तुन्ही पायली, फरक नही समजाव का माले?"

"मंग बोलना का नही?"

"बोलतू तं बाकीना लोक देनं बंद करतात. मी समजनू, माले एकलालेच माहीत शे."

मागे उभा असलेला शेजारच्या खळ्याचा उदेसिंग खोकला. "मन्हा बापबी मोजी ग्या व्हता," तो म्हणाला. "मरताना माले सांगं, देत ऱ्हाय, पन चुडामणले सांगू नको. तो बोंब मारी."

हशा पिकला. मग एकेक जण बोलू लागला. एकाच्या आईनं मोजलं होतं, एकाच्या भावानं. सगळ्या खळ्यांना ठाऊक होतं आणि प्रत्येक खळं शेजारच्यापासून लपवत होतं. जिला ठाऊक नव्हतं ती एकटी धनुबाई, कारण तिनं मला कधी दुसऱ्या मापाशेजारी ठेवलंच नव्हतं. ती मटकन राशीशेजारी बसली आणि पदरात तोंड घालून हसू लागली. हसता हसता तिचे डोळे पाणावले.

राहिला भिला. बातमी ऐकल्यावर गुलाबबाईनं त्याला शिगेचं सांगितलं होतं. तो हात जोडून पुढे आला. "पन्नास वरीस सुतारकी करी," तो म्हणाला, "एक चूक झायी, तीबी बायकोनी."

"धरमना कामले सपाट माप?" गुलाबबाई म्हणाली. "मन्हा हातच वळना नही. नि चूक मन्ही, तं मंग इतला वरीस नाव कोन्हं झायं? भिलानी पायली म्हंतस लोक. गुलाबबाईनी कोनीच म्हने ना."

हिंमतराव बाभळीखालून पुढे आला. तो हसत नव्हता, पण त्यानं पिशवीतली लोखंडी पायलीही काढली नाही. त्यानं चुडामणला विचारलं, "या मापानं इथे कधी विक्री झाली?"

"कधीच नही."

"आणि यात्रेत धान्य वाटतात ते कुठल्या मापानं?"

"हाईच," धनुबाई म्हणाली. "धान्य येस बी हाईच मापम्हा, जास बी हाईच."

हिंमतरावानं मला उचलून नीट पाहिलं. मग म्हणाला, "शिक्का विक्रीच्या मापाला लागतो. दानाच्या मापाला लागतो असं कायद्यात मी वाचलेलं नाही. आणि देणाऱ्याला ठाऊक असेल तर ती फसवणूकही नाही. मी मुंबईला हे असंच लिहीन." त्यानं माझ्या बुडावर स्वतः अक्षरं रेखली आणि भिलाकडून त्यांवर डागणी देऊन घेतली: धर्माची, विक्रीसाठी नाही. तापलेल्या सळईचा चटका बसला, पण मी तो दागिन्यासारखा मिरवते.

त्या वर्षी यात्रेत धान्याच्या दोन राशी होत्या, एक गावाची आणि एक मुंबईहून होकार आल्यावर लागलेली संस्थेची. एकीवर मी, दुसरीवर हिंमतरावाची लोखंडी पायली आणि पट्टी. तो नियमाचा माणूस. प्रत्येक माप भरून वरून पट्टी फिरवत होता. तिसऱ्या दिवशी धडगावकडचा डोंगरसिंग बायकोमुलांसह त्याच्यासमोर आला. तो दर वर्षी येणारा, हसरा, उंच माणूस. पट्टी फिरताना त्यानं पाहिलं, शेजारी माझ्याकडे पाहिलं, आणि तोडक्या अहिराणीत म्हणाला, "साहेब, तुमनी पायलीनी टोपी कोनी काढी लिधी?"

रांगेतले सगळे हसले. हिंमतरावानं डोक्यावरच्या काळ्या टोपीला नकळत हात लावला आणि मग तोही हसला, पहिल्यांदाच. त्यानं पट्टी पिशवीत ठेवली. पुढचं माप त्यानं शिगेचं भरलं. हात नवखा होता, दाणे भराभरा ओघळले. धनुबाई म्हणाली, "हळूहळू जमी, रावसाहेब."

पुढच्या वर्षी डोंगरसिंग आला तो रिकाम्या हातानं नव्हे. त्याच्या पाड्यावरच्या घरांनी मिळून चारोळी आणली होती. ती त्यानं माझ्यात भरली, दाणे ओघळेपर्यंत. "हाई तुमनी राशम्हा घाला," तो म्हणाला. "आमनामागून येनारास्ले द्या." चारोळीचा तो गोडसर वास माझ्या लाकडात कित्येक महिने राहिला. त्यानंतर दर वर्षी आमच्या राशीशेजारी डोंगरातली एक रास असे. कधी चारोळी, कधी मोहाची फुलं, कधी भगर. घेणारे देणारे झाले, हा माझ्या डोळ्यांदेखत झालेला बदल मला सगळ्यात मोठा वाटतो.

आता संस्थेचं धान्य थेट सारंगखेड्याला येतं आणि हिंमतरावाचा हात शिगेवर चांगला बसला आहे. धनुबाई थकली. तिनं मला शाळेत ठेवलं, कारण इथे छप्पर गळत नाही. गुलाबबाईनं हट्ट धरला म्हणून गुरुजींनी फळीवर खडूनं लिहिलं आहे, गुलाबबाईची पायली. भिलाला ते वाचता येत नाही, म्हणून तो तक्रार करत नाही.

मित्रांनो, मार्गशीर्ष लागला की मला न्यायला गाडी येते. तोवर माझी थोडी काळजी घ्या. खोबरेलाचं बोट फिरवा, वाळवी लागू देऊ नका, आणि माझ्यात खडू ठेवू नका, त्याची पूड धान्यात उतरते. गणितात माझं उत्तर चुकलं म्हणून मला नवा काठ लावून घेऊ नका. आणि कधी कुणासाठी काही भरायची वेळ आली, तर भरा आणि हात मागे घ्या. वरून फिरवू नका. दाणे ओघळले तर ओघळू द्या. खाली चिमण्या वाट पाहत असतात.