दाराच्या फटीतली मानकरीण

मी एक चटई बोलतेय. थांबा, पाय पुसायला पुढं येऊ नका! मी पायाखालची नव्हे, कमरेची चटई आहे. आमच्या टोंगा बेटांवर लग्नाला, चर्चला, मर्तिकाला माणसं मला कपड्यांवरून कमरेला गुंडाळतात आणि वरून काथ्याची दोरी बांधतात. मला ताओवाला म्हणतात. माझ्याशिवाय मोठ्यांसमोर जाणं म्हणजे अर्ध्या कपड्यांत जाणं.

माझा जन्म वावाउ बेटावरचा. केवड्याच्या जातीच्या झाडाची पानं उकळली, समुद्राच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवली, उन्हात पांढरी होईपर्यंत वाळवली. मग पाच बायका दोन महिने मला विणत बसल्या. विणताना गप्पांमध्ये त्यांनी गावातल्या एकाही माणसाला सोडलं नाही. ते सगळं मी आजवर पोटात ठेवलंय.

माझी पहिली मालकीण लाविनिया. अठराव्या वर्षी ती शिक्षिका व्हायला फिजीतल्या सुवा शहरात गेली, मला कमरेला बांधूनच. तिथून मी परतले ती डाव्या बाजूला वीतभर फाटून. "वसतिगृहातल्या उंदरांनी कुरतडली," असं तिनं घरी सांगितलं. खरं काय ते तिला ठाऊक आणि मला. आमच्याकडे चटई जितकी जुनी आणि झिजलेली, तितका तिचा मान मोठा, त्यामुळे कुणी फार चौकशी केली नाही. फक्त मला बांधताना लाविनिया फाटकी बाजू हळूच आत दुमडायची. ती सवय तिला कायमची लागली.

पुढं ती मुख्याध्यापिका झाली आणि भावाच्या घरात आत्या झाली. टोंगातली आत्या म्हणजे काय प्रकरण असतं, विचारू नका. तिच्या शब्दापुढं मुलांच्या बापाचंही काही चालत नाही. म्हणून तिची भाची सुलिएती न्यूझीलंडमधल्या डनिडनला जमीनमोजणी शिकायला निघाली, तेव्हा आत्यानं मला तिच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवलं. "हिला बांधून जा चर्चला," एवढंच म्हणाली. विषय संपला.

डनिडनचं घर चार मुलांनी मिळून भाड्यानं घेतलेलं. हिवाळ्यात बाहेरपेक्षा घरातच जास्त थंडी! पोरं स्वयंपाकघरात लोकरी टोप्या घालून जेवायची. रांधायच्या पाळ्या लावलेल्या होत्या. त्यातला कॅलम हा मेंढपाळाचा मुलगा. त्याच्या पाळीला कायम खिमा आणि पाव. कुणी कुरकुर केली की म्हणायचा, "मेंढ्या कधी तक्रार करत नाहीत."

पहिल्याच रविवारी सुलिएती मला बांधून निघाली. बसथांब्यावर दोन मुली कुजबुजल्या, "घरातली चटई नेसून आलीय बघ!" सुलिएतीचे कान लाल झाले. ती तशीच माघारी फिरली. त्या दिवसापासून मी झाडूच्या कपाटात गेले आणि तिचं चर्चही सुटलं. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. चांगला सणसणीत आला.

जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, कॅलमला झाडू काढताना मी सापडले. त्यानं माझी गुंडाळी केली आणि स्वयंपाकघराच्या दाराखाली, जिथून वारा यायचा, त्या फटीत मला ठोसून बसवलं. वर स्वतःवरच खूश! सुलिएतीनं ते पाहिलं आणि मला ओलांडून खोलीत निघून गेली. तेच मला जास्त लागलं.

पण तिचं लक्षच कुठं होतं? गणिताच्या पेपरात ती नापास झाली होती. बेटावर कायम पहिली येणारी पोर! तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, पुढच्या आठवड्यात घरी परत जायचं. रविवारी दुपारी आत्याचा फोन येईल तेव्हा सांगायचं.

फोन आला. पडद्यावर आत्याचा भलामोठा चेहरा. सुलिएतीनं तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याच म्हणाली, "तुझ्यामागं दाराखाली काय आहे गं?"

सुलिएती गारठली. कॅलम बटाटे सोलत होता. तो आपला आनंदानं म्हणाला, "चटई आहे, आत्या! वारा अज्जिबात येत नाही आता. मस्त बसते फटीत."

"फटीत?" आत्याचा आवाज शेजारच्या घरात गेला असेल. "अरे बाबा, तुझ्या आजोबांचा कोट तू दाराखाली कोंबतोस का? उचल तिला! आधी हात धू!"

कॅलमनं हात धुतले, पुसले, मला उचललं आणि बाळाला घ्यावं तसं मांडीवर घेऊन बसला. सुलिएतीला रडू फुटलं.

"आत्या, त्याची चूक नाही. मीच टाकलं होतं तिला कपाटात. मी नापास झालेय. मला नाही राहायचं इथं. मी परत येतेय."

आता आत्या हुकूम सोडणार, असं मला वाटलं. पण तिनं पडद्याजवळ येऊन हळूच विचारलं,

"तिची फाटकी बाजू दिसतेय का?"

"उंदरांनी कुरतडलेली ना?"

"उंदीर कसले! सुव्याला दुसऱ्याच महिन्यात मी पळून निघाले होते. घरी जाणाऱ्या बोटीच्या शिडीवर चढले, आणि ही मेली लोखंडी आकड्यात अडकली. सोडवत बसले तोवर शिडी वर घेतली. धक्क्यावर बसून ढसाढसा रडले मी."

"म्हणजे तू मनानं थांबली नाहीस?"

"छे गं! अडकले म्हणून शिकले. आणि चाळीस वर्षं उंदरांच्या नावावर खपवलं."

सुलिएती रडता रडता हसायला लागली. कॅलमही हसला, पण मला हातातून पडू न देता.

"परत यायचं तर ये," आत्या म्हणाली. "मी कुणाला काही बोलू देणार नाही. पण निघायच्या आधी एकदा तिला बांधून बाहेर जाऊन ये."

पुढच्या रविवारी सुलिएतीनं मला बांधलं आणि त्याच थांब्यावर उभी राहिली. सोबत कॅलम, आयुष्यात पहिल्यांदा चर्चला निघालेला. कुणी कुजबुजलं का, ते मी पाहिलं नाही. सुलिएतीनंही पाहिलं नाही. बॅग काही भरली गेली नाही. गणिताचा पेपर तिनं पुन्हा दिला आणि काठावर का होईना, पास झाली. दाराच्या फटीत आता कॅलमची जुनी पँट असते, आत लोकर भरलेली. तिला काही मानपान नाही, पण काम चोख करते.

आज सुलिएतीचा पदवीचा दिवस. चार वर्षं झाली. आत्या तीन विमानं बदलून आलीय. मघाशी सुलिएतीच्या पदवीच्या झग्यावरून मला गुंडाळताना तिचा हात सवयीनं फाटक्या बाजूकडे गेला. ती आत दुमडणार, एवढ्यात सुलिएतीनं हात धरला.

"नको आत्या. ती समोर राहू दे."

आत्यानं दोरी आवळली, जरा जास्तच आवळली, आणि डोळे पुसले.

आता आम्ही रांगेत उभ्या आहोत. पुढची मुलगी वळून म्हणाली, "अगं, ही इथं फाटलीय."

"माहितेय," सुलिएती म्हणाली. "माझ्या आत्याची बोट तिथं चुकली."

आमचं नाव पुकारलं. चला, निघते. तुम्हाला कुठं दाराशी चटई दिसली, तर पाय पुसण्याआधी एकदा विचारून घ्या.